जोडतारी गिटारचा दुखवटा

लोस आल्मेसेस, १४ ऑक्टोबर १९७९

खिनेस,

लेआंद्रोच्या गिटारची तारा बांधायची घोडी पुढच्या फळीपासून, तबलीपासून, उचलली आहे, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही. जोडतारी जुनी वाद्यं समजणारा माणूस आसपास उरलेला नाही, आणि ग्रनादात तुझ्याइतकं त्यातलं कोणाला कळत नाही असं बिबियानो म्हणतो. पत्ताही त्यानेच दिला. नाताळात मेलेल्यांसाठी दारोदार फिरणाऱ्या आत्म्यांच्या मंडळीसाठी तो दर वर्षी आधी तुझ्याकडूनच तारा आणतो, हे त्याने मला आत्ता सांगितलं.

गिटारची अवस्था अशी आहे. घोडीच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकतं. तिच्या पुढे तबली खचली आहे, मागे फुगली आहे, आणि गोल तोंडापासून एक चीर खाली निघाली आहे. सहा जोड्या, बारा तारा, सगळ्या पूर्ण ताणलेल्या. पणजोबांनी हे वाद्य कादिसहून आणलं तेव्हाही ते जुनंच होतं.

तुला माहीत असलेलं पुन्हा लिहिते, कारण इतक्या वर्षांत तू विसरला असशील. ज्याची गिटार तो गेला की आपल्या गावात तिच्या तारा उतरवतात. घरातलं दुसरं कोणी गेलं तर तिच्यावर नुसतं काळं कापड. बाबा गेले तेव्हा आईने कापड घातलं. नाताळात मंडळी दारात आली, बिबियानोच्या बापाने नेहमीप्रमाणे विचारलं, "गायचं की प्रार्थना करायची?" आई म्हणाली, "प्रार्थना." "कोणासाठी?" "रोसेंदोसाठी." असं तीन वर्षं चाललं. दुखवटा संपला आणि ती पुन्हा "गा" म्हणू लागली. लेआंद्रोचं नाव तिने एकदाही दिलेलं नाही. तो युद्धातून आला नाही, मेल्याचा कागदही आला नाही. तेव्हा तारा चढलेल्याच आहेत. दर रविवारी चर्चमधून आली की ती गिटार मांडीवर घेते, सुरात लावते आणि मंडळीचा पासाकाये वाजवते, जो दार उघडेपर्यंत गोल गोल फिरत राहतो. तिचं दार काही उघडत नाही.

आई एक्क्याण्णव वर्षांची आहे. बाकी सगळ्या बाबतींत तिचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं, फक्त एवढ्या एका गोष्टीत नाही. तारा सैल करू या म्हटलं की विचारते, "का, तो मेला का?" मी काय सांगणार? मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि माझ्या सख्ख्या भावाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. आई जायच्या आत ते कळावं एवढीच माझी इच्छा उरली आहे. तू त्याच्याच तुकडीत होतास. एब्रो नदीवरच्या लढाईनंतर तुमची ताटातूट झाली, असं तुझ्या आईने तेव्हा सांगितलं होतं. त्यात भर घालण्यासारखं काही असेल तर लिही.

बाबांच्या अंत्ययात्रेला तू आला नाहीस. त्यानंतरही कधी आला नाहीस. त्याबद्दल मी विचारत नाही. घोडीबद्दल विचारते आहे.

कासिल्दा

◆

ग्रनादा, २३ ऑक्टोबर १९७९

कासिल्दा,

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी आधी हात धुऊन आलो. मास्तरीणबाई नखं तपासतील असं अजून वाटतं.

आता वाद्याबद्दल. घोडीखालचा सरस वाळून भुकटी झालाय. ती तबलीवर नुसत्या सवयीने बसली आहे. एक दिवस सुटेल, आणि सुटताना तबलीचा तुकडा घेऊन जाईल. तारा उतरवायलाच हव्यात. पण एकदम नको. इतकी वर्षं दाबलेलं लाकूड एकदम मोकळं केलं तर ते उलट्या बाजूला फाटतं. रोज थोडं थोडं, आणि सगळ्या जोड्या सारख्या.

मावशी ऐकतच नसेल तर एक वाट आहे. प्रत्येक जोडीतली एकच तार काढ. वरच्या जोड्यांत दोन्ही सारख्या असतात, कोणतीही काढ. खालच्या जोड्यांत एक जाड आणि एक बारीक, त्याच सुराची पण वरच्या सप्तकातली. तिथली बारीक काढ. ताण निम्मा होतो, सूर जागच्या जागी राहतात. दीडशे वर्षांपूर्वी अख्ख्या देशाने हेच केलं. जोड्या जुळवत बसायचा कंटाळा आला आणि लोकांनी एकेक तार टाकून दिली. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गिटारींच्या डोक्यांवर बुजवलेली भोकं असतात, पडलेल्या दातांसारखी.

पासाकाये एकेरी तारांवर वाजतो. हात फिरवल्यावर जो धुरळा उठतो तो मात्र उठत नाही. फोलियाससारखे जुने नाच तर पारच उघडे पडतात. ते जोड्यांसाठीच बांधलेले आहेत, दोन तारा एकमेकींना किंचित चुकतात त्या चुकण्यासाठी. मावशीला कानाने आता किती कळेल ते तुला माहीत. बोटांना कळू नये अशी आशा करू.

मी आलो असतो. पण छाती धड नाही, आणि त्या घाटातल्या बसने माझ्यापेक्षा धडधाकट माणसंही आडवी केली आहेत.

लेआंद्रोबद्दल माझ्याकडे नवं काही नाही. मावशी जे मानते ते मानू दे, कासिल्दा. या वयात तिच्याशी वाद घालू नकोस.

खिनेस

◆

लोस आल्मेसेस, ५ नोव्हेंबर १९७९

खिनेस,

तू सांगितलंस तसं केलं. आई डुलकी घेत होती तेव्हा प्रत्येक जोडीतली एक तार काढली. घोडी जरा खाली बसली, पोस्टकार्ड आता अर्धंच सरकतं. मला बरं वाटलं.

काल रविवारी तिने गिटार घेतली, अंगठा फिरवला आणि थांबली.

"हे काय?"

"घोडी उचललीये, आई. ताण कमी केला. खिनेसने सांगितलं."

"खिनेसने?"

"पत्र आलं त्याचं. म्हणाला, सूर तेच राहतील."

"सूर राहतील." तिने एकेक तार चाचपली, जशी वाटाण्याची शेंग चाचपतात. "दुखवटा घातलास होय गं? अर्धाच? अर्धा मेलाय का माझा पोरगा?"

"आई, असं कोणी म्हटलं?"

"त्यालाच विचार. अर्धा मेलाय की सगळा, ते त्याला ठाऊक आहे. त्यानेच पुरला ना."

तिने गिटार माझ्याकडे सरकवली. फक्त म्हणाली, "तारा परत चढव." मी शिक्षण निरीक्षकांचं कधी ऐकलं नाही, पण तारा परत चढवल्या. शेवटची खुंटी पिळताना आत काहीतरी कडकन वाजलं.

आता तू मला सांगशील. माझ्या माहितीत आहे ते एवढंच. १९४१ चा जानेवारी. पोलिसांचा सार्जंट घरी आला आणि बाबांना म्हणाला, नाताळात तुमच्या दारात गाणी झाली, मुलाच्या गिटारवर तारा आहेत, म्हणजे मुलगा जिवंत आहे आणि डोंगरात लपला आहे. कुठे, ते सांगा. बाबांना काही माहीतच नव्हतं, ते काय सांगणार? गाढवावर आडवे घालून त्यांना परत आणलं. मी नोकरीच्या गावाहून पोहोचले तेव्हा त्यांना माझी ओळख पटली नाही. त्या वेळी तुला लेआंद्रोचं ठाऊक होतं का? एवढं एक सांग. विनोद नकोत.

कासिल्दा

◆

ग्रनादा, १६ नोव्हेंबर १९७९

कासिल्दा,

होय, ठाऊक होतं.

एब्रोनंतर आमची ताटातूट झाली नव्हती. ते माझ्या आईने मला वाचवायला रचलेलं. आम्ही शेवटपर्यंत बरोबर होतो आणि युद्ध हरल्यावर बरोबरच पकडले गेलो. समुद्राकडच्या एका छावणीत आम्हाला उघड्यावर ठेवलं होतं. पाणी कमी होतं आणि उवा पुष्कळ. १९३९ च्या जूनमध्ये त्याला टायफस झाला. शेवटी त्याची बोटं माझ्या मनगटावर चाळवत होती. तो पासाकाये वाजवत होता असं मी तुला सांगणार नाही. त्या तापात सगळ्यांचीच बोटं तशी चाळवतात, असं आमच्यातला एक डॉक्टर म्हणाला होता. पुरणाऱ्यांच्या गटात मी होतो, म्हणून तो माझ्याच हातून खड्ड्यात गेला. पुढे त्याच गटातून मी पळालो.

१९४० संपता संपता, हिवाळ्याच्या तोंडावर, मी गावाजवळ पोहोचलो. तुमच्या बदामाच्या शेतातल्या झोपडीत आई मला भाकरी आणून देई. तिथे मी मावशीला सांगितलं. ती खाली पडलेले बदाम वेचत होती. वेचायची थांबली नाही. म्हणाली, "तुझ्या काकांची छाती या थंडीत धड नाही. उन्हाळ्यात सांगीन." मग म्हणाली, "तू कोणाला दिसू नकोस."

जानेवारीत एका सकाळी ती पुन्हा आली. हातात पाव आणि डुकराच्या चरबीचा तुकडा. म्हणाली, "आजच नीघ. डोंगर ओलांडून ग्रनादाला जा. काही विचारू नकोस." मी विचारलं नाही. काकांना उचलून नेलंय हे तिने सांगितलं नाही, कासिल्दा. मला ते ईस्टरला आईच्या चिठ्ठीतून कळलं, तोवर काका जाऊन तीन महिने होत आले होते.

पुढे दर वर्षी बिबियानो तारा घ्यायला येई. मी विचारायचो, मावशीच्या दारात काय करता? तो सांगायचा, "गातो की. म्हातारी गा म्हणते." मला वाटलं, काका गेल्यावर तिचं मन ढळलं. मी शेतात सांगितलेलं ती विसरली आणि त्याला जिवंत करून बसली. मग मी येऊन काय करायचं? त्याला पुन्हा एकदा पुरायचं? म्हणून आलो नाही.

खिनेस

◆

लोस आल्मेसेस, २६ नोव्हेंबर १९७९

खिनेस,

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "मन ढळलं" इथे ती हसली. मग जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी विचारलं, "तू सार्जंटला का नाही सांगितलंस की तो मेलाय?"

"सांगितलं. बाबांना नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले मी. म्हटलं, साहेब, पोरगा मेलाय. तो हसला. म्हणाला, 'बाई, मेलेल्याच्या दारात गातात का? मेला म्हणून कोण सांगतं? जो सांगतो त्याला आणा, नवऱ्याला घेऊन जा.'"

"आणि?"

"आणि काय? बहिणीचा एकुलता एक पोरगा. माझा तर गेलाच होता."

"आणि बाबा?"

"वाटलं, मारतील आणि सोडतील." तिने मांडीवरची शाल सारखी केली. "सोडलंच की."

"मग नंतर तरी? इतकी वर्षं?"

"तुला कॉलेजात काय शिकवलं गं? लेआंद्रोसाठी प्रार्थना करा म्हटलं असतं, तर दारातल्या प्रत्येकाने विचारलं असतं, कोण सांगतं? त्यातला एक तरी जाऊन सांगणारा असतोच. म्हणून गा म्हणाले."

"आता कोणी पकडत नाही, आई. केव्हापासूनच नाही."

"मग येऊन सांगू दे त्याला. मी काय त्याच्या वतीने सांगायचं? मी पाहिलंय का काही?"

हे असं आहे. ती वेडी नाही. त्या तारा लेआंद्रोसाठी चढलेल्या नव्हत्या, तुझ्यासाठी होत्या. तुझ्या डोक्याची किंमत बाबांनी दिली, त्यांना न विचारता. मी तुझ्यावर आजवर राग धरला, तो चुकीच्या कारणासाठी होता हे मान्य करते. योग्य कारण हवं असेल तर ते असं: दहा वर्षांपूर्वी सरकारने सगळ्यांवरचे जुने खटले सोडून दिले. त्यानंतर तुला अडवणारं फक्त तुझं अनुमान होतं.

तू दारात उभा राहून सांगितल्याशिवाय ती तारा उतरवू देणार नाही, आणि वाद्य तोवर टिकेल असं मला वाटत नाही. तीही टिकेल असं नाही. जेवण कमी झालं आहे. बसने येणं जमत नसेल तर टॅक्सी कर. पण ये.

कासिल्दा

◆

ग्रनादा, ५ डिसेंबर १९७९

कासिल्दा,

मी दोनदा बसस्थानकापर्यंत जाऊन आलो. पहिल्या वेळी घाटात बर्फ होतं. दुसऱ्या वेळी नव्हतं.

तुझं पत्र आल्यापासून हातात पटाशी धरवत नाही. कारागीर विचारतात, मालक, बरं नाही का? मी म्हणतो, बरं आहे, मला माझ्या डोक्याची किंमत आज कळली.

२४ ला येतो, मंडळी दारात येईल त्या संध्याकाळी. बिबियानोला तसं कळवलं आहे. मावशीला सांग. तोवर गिटार गरम खोलीत ठेवू नकोस. चुलीजवळ तर नकोच.

खिनेस

◆

लोस आल्मेसेस, १५ डिसेंबर १९७९

खिनेस,

रविवारी, नऊ तारखेला, आई गिटार सुरात लावत होती आणि घोडी सुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. शेजारची माणसं धावत आली. तबलीचा हाताएवढा तुकडा घोडीबरोबर निघाला आणि बाराच्या बारा तारा आईच्या अंगावर सैल पडल्या. तिच्या गालावर एक ओरखडा होता. मी पुसायला गेले, तिने माझा हात बाजूला केला.

तू २४ ला येणार हे तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तिने मान डोलावली होती. आता ती मांडीवरच्या भगदाडाकडे पाहत होती. म्हणाली, "खिनेसला सांग, आता घाई नाही."

गुरुवारी सकाळी ती गेली. काल बाबांशेजारी ठेवली. पाद्रीबाबांनी तिच्या श्रद्धेबद्दल पुष्कळ सांगितलं. मी मध्येच उठून बाहेर गेले.

घाई नाही असं ती म्हणाली. मी तसं म्हणत नाही. मंडळी २४ ला येईलच. बिबियानो विचारील, मी आईचं नाव देईन, आणि लेआंद्रोचं देईन. मग कोणीतरी विचारील, कोण सांगतं? मी तिथे नव्हते. तू होतास. ठरल्याप्रमाणे ये.

कासिल्दा

◆

लोस आल्मेसेस, ३० डिसेंबर १९७९

खिनेस,

ठरल्याप्रमाणे नोंदीची तुझी प्रत सोबत आहे. तू बसमध्ये बसताना सही केलीस, वाचलं नाहीस. आता वाच.

दारात काय झालं ते तुला माहीत आहे, तरीही लिहून ठेवते, कारण कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. बिबियानोने विचारलं. मी "प्रार्थना" म्हटलं आणि नावं दिली: आगेदा, आणि लेआंद्रो. दुसऱ्या नावाला मागच्या रांगेतल्या एकाच्या हातातलं छोटं तारवाद्य, बांडुर्रिया, भिंतीवर आपटलं. बिबियानोने टोपी काढली. "लेआंद्रोचं कोण सांगतं?" त्याने विचारलं, आणि तू दाराकडे असा वळलास की मला वाटलं, तू आत निघून जाणार. मग तू म्हणालास, "मी. मी पुरला." प्रार्थना झाली. पुढच्या दाराकडे जाताना त्यांनी पासाकाये सुरू केला नाही. वळणापर्यंत नुसते बूट वाजत होते.

त्यानंतर पाराजवळ म्हातारा एलादिओ तुला म्हणाला, "चाळीस वर्षं आम्ही त्या दारात गायलो, तू एकदा तरी सांगायचं होतंस रे." तू त्याला कारण सांगू लागलास. मी तुझी बाही ओढली, ती यासाठी की ते कारण आईचं होतं. ते तुला वापरता येणार नाही.

वाद्याचं काय करायचं ते तू ठरव. दुरुस्ती होणार नसेल तर तसं कळव. खोटा दिलासा नको.

कासिल्दा

नोंद

लोस आल्मेसेस, २६ डिसेंबर १९७९.

कासिल्दा मोतोस हिने खिनेस सेर्ना याच्या ताब्यात दिलं:

लेआंद्रो मोतोस याची गिटार, सहा जोड्यांची, सुरूच्या लाकडाच्या पाठीची. तबली फाटलेली. घोडी आणि तिच्याबरोबर निघालेला तुकडा वेगळे, कापडात बांधून. तारा खुंट्यांवरून सोडवून गुंडाळलेल्या. त्या खिनेस सेर्ना याने स्वतः सोडवल्या. पूर्वीचं काळं कापड सोबत नाही, ते आगेदाच्या दुखवट्यासाठी वापरात आहे.

अट: दुरुस्त झाल्यास जोड्या ठेवायच्या. एकेरी करायची नाही. विकायची नाही.

खिनेस सेर्ना याने कासिल्दा मोतोस हिच्या ताब्यात दिलं:

लेआंद्रो मोतोस याच्या मृत्यूबद्दल सहीचं निवेदन, जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयासाठी. कारण टायफस. महिना नमूद आहे, तारीख आठवत नाही.

छावणीच्या शेताचा नकाशा, आठवणीतून, पेन्सिलीने काढलेला. खड्ड्याची जागा फुलीने दाखवली आहे. तिथे आता संत्र्यांची बाग असल्याचं त्याने ऐकलं आहे. नकाशा अचूक असल्याची खात्री तो देत नाही.

नकाशा स्वीकारला.